एकच बियाणे, देशोदेशी वेगळा भाव : असे का?

मृग जवळ आला की कपाशीच्या बियाण्याची चौकशी सुरू होते. शिवारफेरीत किंवा मेळाव्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, तंत्र तेच, कंपनी तीच, मग दुसऱ्या देशात स्वस्त आणि आम्हालाच महाग का?" नामांकित कंपनीच्या कोणत्याही मालाबाबत हा प्रश्न पडतो. बीटी कपाशीच्या उदाहरणावरून तो नीट समजून घेता येईल.

वाद कसा सुरू झाला?

भारतात मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली. ४५० ग्रॅमचे पाकीट सुमारे १,६०० रुपयांना मिळत असे. साध्या संकरित बियाण्याच्या तुलनेत हा भाव तिपटीहून अधिक होता. बियाणे तयार करण्याचा खर्च हा त्यातील लहान भाग होता. मोठा भाग होता तो तंत्रज्ञान शुल्काचा, म्हणजे जनुक वापरण्याबद्दल महिको-मोन्सॅन्टो बायोटेक कंपनीला द्यावयाच्या रकमेचा.

२००६ च्या सुरुवातीला आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा आयोगाकडे दाद मागितली. एका पाकिटाइतक्या बियाण्यामागे भारतात सुमारे १,२५० रुपये, अमेरिकेत सुमारे १०८ रुपये आणि चीनमध्ये ४० रुपयांहूनही कमी शुल्क घेतले जाते, असे शासनाचे म्हणणे होते.

पाकीट नव्हे, एकर पाहावा

हे आकडे पाहून कोणालाही राग येईल. परंतु तुलना करताना माप सारखे असावे लागते. आपल्याकडे संकरित कपाशी अंतरावर टोकली जाते व एकरी एक पाकीट पुरते. अमेरिकेत सरळ वाण दाट पेरतात. तेथे एकरी चार-पाच किलो, म्हणजे साधारण दहा पाकिटांइतके बियाणे लागते. अमेरिकेत १९९६ मध्ये हे शुल्क एकरी ३२ डॉलर होते. त्यावेळच्या दराने त्याचे अकराशे रुपयांच्या आसपास होतात. म्हणजे एकराचा हिशोब केला तर दोन्ही देशांतील शुल्कात फारसे अंतर उरत नाही.

मग आपली तक्रार चुकीची होती काय? नाही. कपाशीची आपली उत्पादकता अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास होती आणि आपले बरेचसे क्षेत्र पावसावर अवलंबून. उत्पन्न निम्मे आणि शुल्क मात्र जवळपास तेवढेच, हे खरे दुखणे होते.

चीनमध्ये स्वस्त का?

चीनमध्ये बीटी कपाशीची लागवड १९९७ मध्ये सुरू झाली. तेथील कृषी विज्ञान अकादमीने स्वतःचे बीटी जनुक विकसित केले होते. त्यामुळे परदेशी कंपनीला पहिल्यापासून स्पर्धक होता. शिवाय तेथे सरळ वाण जास्त असल्याने शेतकरी घरचे बियाणे राखून पुन्हा पेरू शकत होता. भाव वाढविला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, ही धास्ती विक्रेत्याला होती. आपल्याकडे संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते आणि सुरुवातीला दुसरा पर्यायही नव्हता.

आता कोणी म्हणेल, चीनमधून स्वस्त पाकिटे आणली तर? तसे करता येत नाही. प्रत्येक देशात जनुकीय वाणाला जैवसुरक्षेची स्वतंत्र मान्यता लागते आणि बियाणे आयातीवर वनस्पती संगरोधाचे निर्बंध असतात. ज्या मालाची स्वस्त देशातून महाग देशात ने-आण होऊ शकत नाही, त्याचा भाव कंपनी प्रत्येक देशात वेगळा ठेवू शकते. औषधांच्या भावातही हेच घडते.

कायद्याने काय बदलले?

आयोगाच्या आदेशानंतर २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने पाकिटाची किंमत ७५० रुपये ठरविली व इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाचा कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश निघाला. २०१६ मध्ये बीजी-२ चे पाकीट ८०० रुपये झाले व त्यात शुल्क ४९ रुपये होते. बीजी-२ च्या पेटंटची मुदत २०१९ मध्ये संपली आणि २०२० पासून शुल्क शून्य झाले. २०२५ च्या हंगामासाठी कमाल किंमत ९०१ रुपये होती. त्यात तंत्रज्ञान शुल्काचा एक रुपयाही नव्हता.

तात्पर्य, मालाचा भाव केवळ उत्पादन खर्चावर ठरत नाही. घेणाऱ्यापुढे पर्याय किती, पेटंट आहे की नाही, माल दुसरीकडून आणता येतो की नाही आणि शासन लक्ष घालते की नाही, यावर तो ठरतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) सर्व कंपन्यांच्या बीजी-२ वाणांत बोंडअळीविरुद्धची जनुके तीच असतात. फरक असतो तो संकरित वाणाचा. म्हणून केवळ नावासाठी छापील किमतीपेक्षा जादा पैसे देऊ नयेत.

२) नाव न पाहता आपली जमीन, पाण्याची सोय, वाणाचा कालावधी आणि रसशोषक किडींना असलेली सहनशीलता पाहून निवड करावी. जिरायती शेतीसाठी कमी कालावधीचा वाण घ्यावा.

३) गुलाबी बोंडअळीने बीजी-२ ला दाद देणे सोडले आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्याचा फटका सोसला. तेव्हा महाग पाकीट घेतले म्हणजे कामगंध सापळे व वेळेवर पाहणी यांतून सुटका झाली, असे समजू नये.

४) पक्के बिल घ्यावे. पाकीट, त्यावरील लेबल व थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. बिलाशिवाय मिळणारे, मान्यता नसलेले बियाणे कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ते उगवले नाही तर दाद मागायला जागा राहत नाही.

परदेशातील भाव आपल्या हातात नाही. परंतु एकराचा हिशोब मांडून डोळसपणे खरेदी करणे आपल्या हातात निश्चितच आहे.