खेळण्यांतून जन्मलेली युद्धकथा
आधी कथा लोकप्रिय व्हावी आणि मागाहून तिची खेळणी विक्रीस यावीत, हा बाजाराचा नित्याचा दस्तुर. परंतु जपानमधील टोमी कंपनीने १९८० च्या दशकारंभी काढलेल्या ‘झोइड्स’ या यांत्रिक प्राण्यांच्या बाबतीत हा क्रम उलटला, आणि त्यांच्यावरील चित्रमालिका १९९९ साली अवतरली. हे प्राणी मुलांनी सुट्या भागांतून स्वहस्ते जोडावयाचे असत. रबरी टोप्यांनी सांधे पक्के होत, गोंदाची गरज पडत नसे, आणि चावी दिली की लहान, बॅटरी घातली की मोठे जनावर पाय उचलीत चालू लागे.

६७ भागांच्या त्या मालिकेत, हेलिक प्रजासत्ताक आणि गायलॉस साम्राज्य यांच्या वैराने ग्रासलेल्या ‘झी’ ग्रहावर, व्हॅन नावाचा खेडवळ मुलगा ‘शील्ड लायगर’ या सिंहरूपी यंत्राच्या मस्तकात बसून ते हाकतो. माणसे हाताने रेखाटलेली, यंत्रे मात्र संगणकावर घडविलेली. तथापि त्या पोलादी देहात सजीव गाभा असल्याने स्वार आणि वाहन यांच्यातील ममत्व हाच या युद्धकथेचा खरा प्राण ठरतो.