पेला कोणताही, रक्तदाब एकच

द्राक्षाची वाइन हृदयाला हितकर, बिअर जवळजवळ निरुपद्रवी आणि व्हिस्की किंवा देशी दारू तेवढी घातक, अशी मद्यप्रकारांची एक उतरंड अनेक सुशिक्षितांच्या मनात पक्की झालेली आहे. तिचा उगम बऱ्याच अंशी ‘फ्रेंच विरोधाभास’ या नावाने गाजलेल्या मांडणीत सापडतो. फ्रेंच लोकांच्या आहारात लोणी आणि चीज भरपूर असूनही त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू तुलनेने कमी का, या प्रश्नाचे उत्तर सर्ज रनो या संशोधकाने 1992 मध्ये वाइनमध्ये शोधले आणि पुढे जगभरच्या वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. परंतु ती चर्चा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या रोगाविषयी होती. रक्तदाब, म्हणजे वाहत्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा आणि पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजला जाणारा दाब, हा निराळा विषय आहे आणि त्याबाबतचा पुरावा खुद्द फ्रान्समध्येच फार आधी, नेमका उलट्या दिशेने पुढे आला होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1915 मध्ये, कामीय लियाँ या फ्रेंच डॉक्टराने सैनिकांचा रक्तदाब मोजून त्यांची विभागणी मद्यपानाच्या प्रमाणानुसार केली, तेव्हा दिवसाला अडीच लिटर किंवा त्याहून अधिक वाइन पिणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब लक्षणीय प्रमाणात जास्त आढळला. मद्य आणि रक्तदाब यांचा संबंध दाखवणारे हे बहुधा पहिले पद्धतशीर निरीक्षण वाइनविषयीच होते, ही गोष्ट वाइनचे गुणगान करताना सोयीस्करपणे विसरली जाते. त्यानंतर सहा दशके या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळले नाही. 1977 मध्ये आर्थर क्लात्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील ऐंशी हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या आणि दिवसाला तीन किंवा अधिक पेले घेणाऱ्यांचा रक्तदाब जास्त असतो, तसेच वय, वजन, धूम्रपान व शिक्षण यांचा हिशेब वेगळा काढला तरी हा फरक उरतो, असे दाखवले.

तरीही मद्याच्या प्रकारांची तुलना केवळ निरीक्षणाने करता येत नाही, कारण वाइन पिणारा माणूस पुष्कळदा अधिक सधन असतो, तो जेवणाबरोबर पितो आणि स्वतःच्या प्रकृतीकडे अधिक लक्षही देतो. मग दिसलेला फरक पेयाचा की राहणीमानाचा, हे ठरवणे अवघड होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग म्हणूनच मोलाचा ठरतो. त्यात 24 निरोगी पुरुषांना चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत रोज कधी 375 मिलिलिटर रेड वाइन, कधी तेवढीच पण मद्यार्क काढून टाकलेली वाइन आणि कधी 1125 मिलिलिटर बिअर देण्यात आली, तर एका टप्प्यात त्यांनी मद्य पूर्ण वर्ज्य केले. वाइन आणि बिअर या दोहोंतून पोटात जाणारा मद्यार्क 40 ग्रॅमच्या आसपास होता. जागेपणीचा वरचा रक्तदाब वाइनने सुमारे 3 आणि बिअरने सुमारे 2 मिलिमीटरने वाढला. मद्यार्कविरहित वाइनने मात्र तो वाढला नाही. बार्सिलोनातील 2012 च्या प्रयोगाने या चित्रात आणखी एक रेषा ओढली. हृदयविकाराचा धोका असलेल्या 67 पुरुषांना रेड वाइन, मद्यार्कविरहित रेड वाइन आणि जिन अशी तीन पेये आळीपाळीने दिली असता, मद्यार्कविरहित वाइनने वरचा रक्तदाब सुमारे 6 मिलिमीटरने उतरला, जिनने उतरला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे: द्राक्षाच्या सालीतील पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांत रक्तवाहिन्या शिथिल करण्याचा काही गुण असला, तरी त्याच पेल्यातला मद्यार्क तो झाकोळून टाकतो.

म्हणून पेयाच्या नावापेक्षा त्यातील मद्यार्काचे वजन पाहणे अधिक उपयोगाचे आहे. भारतात व्हिस्की, रम आणि जिन यांत मद्यार्काचे प्रमाण साधारणतः 42.8 टक्के असते आणि एक मिलिलिटर मद्यार्काचे वजन सुमारे 0.79 ग्रॅम भरते, त्यामुळे 60 मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगातून जवळपास 20 ग्रॅम मद्यार्क शरीरात जातो. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची 650 मिलिलिटरची एक बाटली 41 ग्रॅम मद्यार्क देते, म्हणजे ‘फक्त एक बिअर’ घेणाऱ्याने दोन मोठे पेग रिचवलेले असतात. गोव्यातील काजूची फेणी व्हिस्कीच्याच पंक्तीत बसते. उन्हाळ्यात मिळणारा हुर्राक तिच्यापेक्षा सौम्य असला, तरी तो मोठ्या पेल्याने प्यायला जातो.

या विषयातली सर्वांत फसवी बाब वेळेची आहे. मद्यार्काची मात्रा मोठी असेल, तर प्रथम रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब काही तास उतरतो. साधारण तेरा तासांनंतर मात्र तो मूळ पातळीच्या वर जातो. रात्री पेला हातात असताना घरच्या यंत्रावर समाधानकारक आकडा दिसतो आणि ‘आपल्याला दारू मानवते’ असा समज होतो, त्याचे कारण हेच. पुढच्या चढावामागे अनेक यंत्रणा एकत्र काम करतात: शरीराला सज्ज ठेवणारी अनुकंपी मज्जासंस्था चेतते, मीठ आणि पाणी धरून ठेवण्यास मूत्रपिंडाला भाग पाडणारी संप्रेरके वाढतात आणि धमन्यांच्या अस्तराची सैलावण्याची क्षमता घटते. शिवाय मद्याने घशाचे स्नायू ढिले पडून झोपेत श्वास अडखळतो, आणि त्याचाही भार रक्तदाबावर पडतो.

प्रकारांमध्ये काही फरक उरतो, तो मुख्यतः पिण्याच्या रीतीतून येतो. अमेरिकेतील बफेलो परिसरातील एका अभ्यासात जेवणाशिवाय पिणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचा धोका अधिक दिसला. महाराष्ट्रात पिणे बहुधा जेवणाआधी उरकले जाते आणि सोबतीला खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेले पापड असे मिठाने भरलेले चखणे असते. रक्तदाबाच्या दृष्टीने ही जोडी पेयाच्या निवडीपेक्षा अधिक चिंतेची आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की हा परिणाम बराचसा मागे फिरवता येतो. 2017 मध्ये 36 प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा दिवसाला सहा किंवा अधिक पेले घेणाऱ्यांनी प्रमाण निम्म्यावर आणल्यास वरचा रक्तदाब सरासरी साडेपाच मिलिमीटरने उतरतो, असे दिसले. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणे धोक्याचे असते, कारण मज्जासंस्थेवरचा दाबून टाकणारा अंमल अचानक सुटून रक्तदाब उसळतो, हातपाय थरथरतात आणि प्रसंगी फिट येते. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडवावी लागते, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाणही त्या काळात पुन्हा ठरवून घ्यावे लागते.