साखरेचा आजार आणि दाढेचे रूट कॅनाल

आमच्या चाळीतील एका मावशींची दाढ ठणकत होती. दोन महिने त्यांनी लवंगेवर आणि दुकानातल्या गोळ्यांवर काढले. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे रूट कॅनाल सुरू केले. पहिल्या खेपेलाच ठणका थांबला, म्हणून पुढे गेल्याच नाहीत. महिनाभरात गाल सुजला. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तेव्हा मावशींना साखर असल्याचे कळले. तोपर्यंत घरात कुणालाच पत्ता नव्हता.

आपल्या घराघरांत असे घडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कीड दाताच्या नसेपर्यंत गेली की नस सडते. रूट कॅनालमध्ये डॉक्टर ती नस काढतात, मुळातील नळ्या साफ करून भरतात. पण मुळाच्या टोकाशी हाडात झालेली जखम भरून आणणे हे शरीराचेच काम. तिथे मधुमेह आडवा येतो. रक्तात साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. जखम उशिरा भरते, पुन्हा सूज येण्याचा धोका वाढतो. मुळाशी आधीच पू झाला असेल तर हा धोका अधिक. उलट, अंगात पू असला की साखरही वाढते.

"साखर आहे, तर दाढ काढूनच टाका," असे काही जण सांगतात. पण दाढ काढल्यावरची जखमही भरावीच लागते. साखर आटोक्यात असेल तर रूट कॅनाल करून दाढ वाचवता येते. नुसत्या गोळ्यांनी मात्र भागत नाही. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग औषध तरी कसे पोहोचणार?

म्हणून एवढे पाळावे :

१. आपल्याला मधुमेह आहे व कोणती औषधे चालू आहेत, हे दाताच्या डॉक्टरांना आधी सांगावे.

२. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करावी. बहुतेकांसाठी ती साधारण ७ टक्क्यांच्या आत असावी.

३. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. नेहमीचे औषध व न्याहारी घेऊन जावे. घाम, थरथर, चक्कर आल्यास लगेच सांगावे.

४. दुखणे थांबले तरी सर्व खेपा पूर्ण कराव्यात, सांगितल्यास कॅप बसवावी. नंतर एक्स-रे काढून जखम भरली का ते पाहावे.

५. मशेरी व तंबाखू सोडावी.

६. सुजेबरोबर ताप आला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी पैशात उपचार होतात.

मावशींनी साखर आटोक्यात आणली, राहिलेल्या खेपा पुऱ्या केल्या. आज त्या त्याच दाढेने भाकरी चावतात. पण गाल सुजेपर्यंत थांबायची पाळी आपल्यावर कशाला? घरातील मोठ्या माणसांची साखर या महिन्यातच तपासून घ्या.