टेन्शन, दुःख की आजार? मन उतरलं तर डॉक्टरांकडे कधी जायचं

सोयाबीनला भाव नाही, टेन्शन. पोराचं लग्न जमत नाही, टेन्शन. रात्री झोप लागत नाही, तेही टेन्शनच. मनाच्या सगळ्या दुखण्यांना गावात आता हा एकच शब्द उरलाय. शब्द सोयीचा आहे, पण त्यात घोटाळाही होतो. चार दिवसांत निघून जाणारी काळजी आणि उपचार लागणारा आजार, दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात. मग काहीजण उगाच घाबरतात, आणि ज्याला खरंच दवाखान्याची गरज असते तो घरात पडून राहतो.

साधी काळजी कारणाला बांधलेली असते. पाऊस लांबला की मन उतरतं, पाऊस पडला की सावरतं. कर्जाचा विचार डोक्यात असला तरी नातू मांडीवर येऊन बसला, भजनाला गेलं, पारावर चार माणसं भेटली, की घटकाभर का होईना मन रमतं. ही घटकाभराची सुटका मिळते का, हे नीट बघायला हवं. पुढे सांगितलेल्या आजारात नेमकी तीच मिळत नाही.

घरातलं माणूस गेल्याचं दुःख वेगळं. ते भरून येतं आणि ओसरतं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, पाहुणे गेले की खरी पोकळी जाणवते. पहिला सण आला की पुन्हा सगळं वर येतं. पण मधल्या वेळात तोच माणूस गेलेल्याची एखादी आठवण सांगताना हसतोही. यात आजार काही नाही, त्याला वेळ आणि सोबत लागते. मात्र महिने उलटले तरी माणूस अंथरूण सोडत नसेल, आंघोळ-जेवण सुटलं असेल, तर दुःखाच्या नावाखाली दुसरंच काही सुरू झालंय का, हे डॉक्टरांना विचारावं.

आजार कसा ओळखायचा

या आजाराला नैराश्य म्हणतात, बोलण्यात डिप्रेशन. डॉक्टर आधी दोन गोष्टी विचारतात. मन उदास राहतं का? आणि आधी आवडायच्या गोष्टींत आता गोडी वाटते का? यातली एक तरी तक्रार दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज, किमान २ आठवडे टिकली असेल तर पुढची चौकशी होते: झोप, भूक आणि वजन, थकवा, कामात लक्ष, हालचाल मंदावणं किंवा उगाच येरझाऱ्या, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. सगळं धरून ५ किंवा त्याहून जास्त लक्षणं असतील आणि रोजचं काम अडत असेल, तर तो आजार समजतात. अनेकांना पहाटे तीन-चारलाच जाग येते, सकाळ डोंगराएवढी जड जाते आणि दिवस कलल्यावर जरा हलकं वाटतं. भाव वाढला, कर्ज फिटलं तरी मन वर येत नाही, हीही एक खूण.

गावाकडे अडचण अशी की ‘मी उदास आहे’ असं कोणी म्हणतच नाही. तक्रार असते डोकं जड झाल्याची, छातीत धडधडण्याची, हातापायात त्राण नसल्याची. मग ‘ताकदीची’ सलाईन लागते, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरातले म्हणतात, नाटकं करतोय. कोणी बाहेरची बाधा समजून अंगारा आणतं. देवावर श्रद्धा असू द्या, तिच्याशी भांडण नाही, पण अंगाऱ्याच्या नादात महिने जाऊ देऊ नका. तपासण्याही वाया जात नाहीत. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड मंदावलं तरी असाच थकवा आणि उदासपणा येतो, म्हणून त्या दोन्ही आधी बघून घेतलेल्या बऱ्या.

पुरुषांमध्ये हा आजार रडण्यापेक्षा रागातून आणि दारूतून जास्त दिसतो. दारूने तासभर बरं वाटतं, पण झोप मोडते आणि मन आणखी खाली जातं. ओल्या बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येतं, ते बहुतेकींमध्ये २ आठवड्यांच्या आत आपोआप थांबतं. त्यापुढेही चालू राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर सासूने आणि आशाताईने ‘सवय होईल’ म्हणू नये.

काहींचं मन कधी उलटंही उसळतं: झोप नसताना भलती ताकद, न थांबणारं बोलणं, ऐपतीबाहेरचे सौदे. असं पूर्वी झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तिथे औषध वेगळं लागतं.

इथे २ आठवडे थांबू नका

‘मी नसलो तर तुमचं बरं होईल’ असं कोणी म्हणालं, अचानक व्यवहार मिटवायला लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं, तर त्याच दिवशी हलायचं. सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. कोणी नसलेले आवाज ऐकू येणं, अन्नपाणी सुटणं, यांनाही थांबायला वेळ नाही.

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत पाठवतात. जाणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आजार सौम्य असेल तर समुपदेशनावरही भागतं. गोळ्या दिल्या तर फरक दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. इथेच बरेच जण पाचव्या दिवशी ‘गुण येत नाही’ म्हणून सोडून देतात. या आजाराच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद करायच्या नाहीत.

कोणी जिवाचं बरंवाईट करायला निघालं आणि वाचलं, तर पोलीस केसच्या भीतीने घरचे दवाखान्यात खरं सांगत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच आधी धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. म्हणून काय घेतलं, किती घेतलं, डब्याचं लेबल काय होतं, सगळं सांगा.

ओपीडीला जाताना घरचं एक माणूस सोबत न्या, आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर टेन्शन एवढंच म्हणू नका, झोप कधी मोडते आणि कोणतं काम सुटलंय ते सांगा.