जुन्या ट्रॅक्टरला डिझेल कोणते आणि कसे?



गाळप हंगाम आला की गट कार्यालयात हमखास विचारणा होते, "साहेब, हे नवं डिझेल आमच्या जुन्या ट्रॅक्टरला सोसतं का? पंप बसतो म्हणत्यात." प्रश्न रास्त आहे. ऊस तुटून फडात पडला आणि ट्रॅक्टर बंद पडला, तर वजनही घटते आणि उताराही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ प्रतीचे डिझेल मिळते. त्यात गंधक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असते, त्याआधीच्या बी.एस. ४ डिझेलमध्ये ही मर्यादा ५० होती. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरे. पण तो भरून काढण्यासाठी कंपन्या त्यात वंगणद्रव्य मिसळतात. म्हणून वरून ऑईल ओतण्याची गरज नाही. जळके ऑईल तर मुळीच नको. त्यातल्या काजळीने फिल्टर तुंबतो आणि धातूच्या कणांनी पंप झिजतो. जुनी रबरी वॉशर कडक होऊन डिझेल पाझरत असेल, तर ती बदलून घ्यावीत.

जुन्या इंजिनाचा खरा वैरी म्हणजे पाणी. रात्री गारठ्याने अर्ध्या टाकीत दव धरते. पाणी जड असल्याने ते तळाशी बसते. पंपाच्या प्लंजरमधली फट केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते. तिथे पाणी गेले की गंज चढतो, नोझल खराब होते. शिवाय पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ तयार होतो.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

१. डिझेल नेहमीच्या खात्रीच्या पंपावर घ्यावे. शंका आल्यास घनता तपासून मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे.

२. बॅरल सावलीत, किंचित कलते ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे वापरू नये. भरल्यावर डिझेल दिवसभर निवळू द्यावे आणि तळाचे चार बोटे डिझेल तसेच सोडावे.

३. टाकीत ओतताना बारीक जाळी लावावी. तंतू सुटणारे फडके नको.

४. दिवसाचे काम संपताच टाकी भरून ठेवावी.

५. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडावे. मग बोल्ट घट्ट करून हवा काढावी.

६. बॅरलात काळा गाळ दिसला तर आधी ते धुऊन वाळवावे. नुसते जंतुनाशक औषध टाकले तर मेलेला गाळ तिथेच राहून फिल्टर तुंबवतो.

काही जण पैसे वाचवायला रॉकेल मिसळतात. त्याने वंगण जाते आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च पंपाच्या दुरुस्तीवर होतो. "कारखाने इथेनॉल काढतात, मग ते डिझेलात का नको?" असेही काही सभासद विचारतात. हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जाते. डिझेलात थोडे जरी पाणी असले तरी ते फुटून वेगळे होते, आणि पेट घेण्याचा धोकाही वाढतो. तो प्रयोग कोणी करू नये.

थोडक्यात, जुन्या ट्रॅक्टरला वेगळे डिझेल लागत नाही. स्वच्छ आणि कोरडे डिझेल लागते. तरी सर्व वाहनधारक सभासदांनी तोडणीची तारीख येण्यापूर्वीच बॅरल, टाकी आणि फिल्टर पाहून घ्यावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी