घरांतील तबकड्यांचा संग्रह : थोड्या जागेंत मांडणी आणि जतन

ज्या घरांत एकेकाळीं फोनो वाजत असे, अशा अनेक घरांपुढें आज एक प्रश्न उभा आहे. फोनो बंद पडला व मोडींत गेला. परंतु वडिलांनीं किंवा आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या तबकड्या मात्र मागें उरल्या. त्या टाकवत नाहींत, आणि ठेवाव्या तर जागा नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत माणसांचीच दाटी. तेथें दोन-तीनशें जड व ठिसूळ तबकड्या ठेवावयाच्या कोठें? मग त्या पोटमाळ्यावर जातात, नाहीं तर एखाद्या ट्रंकेंत एकावर एक रचल्या जातात, आणि दहा वर्षांनीं ट्रंक उघडावी, तों कांहीं तडकलेल्या तर कांहीं वाकलेल्या आढळतात. जागेची अडचण खरी आहे. परंतु ह्या नुकसानीचें कारण बहुधा जागेची टंचाई हें नसून मांडणींतील अविचार हें असतें. थोड्या जागेंत तबकड्या सुरक्षित कशा राहतील, आणि हवी ती तबकडी चटकन् कशी सांपडेल, ह्या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

प्रथम ही वस्तु कशाची केलेली आहे तें पाहिलें पाहिजे. कारण जपण्याचे सारे नियम त्यांतूनच निघतात. मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेणारी जुनी काळी तबकडी ही मुख्यतः दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडे तंतु ह्यांचें मिश्रण असून, तें मिश्रण धरून ठेवण्याचें काम लाख करते. पळस, बोर, कुसुंब ह्या झाडांवर किडे जी लाख तयार करतात, व जिच्या बांगड्या होतात, तीच ही लाख. ऊब लागली कीं लाख मऊ होते, आपटली कीं फुटते, आणि स्पिरिटांत विरघळते. सुतार चपडा लाख स्पिरिटांत विरघळवूनच लांकडाला पॉलिश करतो. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी, म्हणजे एल. पी., बाजारांत आणली, आणि १९४९ सालीं आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीनें सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. ह्या नव्या तबकड्या विनाइलच्या. त्या सहसा फुटत नाहींत, पण उष्णतेनें व दाबानें वाकतात. आपल्या देशांत लाखेच्या तबकड्या १९६० नंतरहि कांहीं वर्षें निघत होत्या; त्यामुळें एकाच घरांत दोन्ही जाती शेजारीं शेजारीं आढळतात.

आतां पहिला नियम असा कीं, तबकडी उभी ठेवावी, आडवी ठेवूं नये. दहा इंची लाखेच्या तबकडीचें वजन साधारण दोनशें ग्रॅमच्या आसपास असतें. पन्नास तबकड्यांची चळत रचली कीं सर्वांत खालच्या तबकडीवर जवळजवळ दहा किलोंचा भार येतो. मध्यें धुळीचा एखादा कण असला तर तो त्या भारानें आवाजाच्या चरींत रुततो. चळतींतली चाळिसावी तबकडी हवी असली, तर वरच्या एकोणचाळीस उचलाव्या लागतात; आणि तबकड्या फुटतात त्या बहुधा अशा उचलाउचलींतच. उभ्या तबकडीवर शेजारणीचा भार पडत नाहीं, आणि ती एकटीच बाहेर काढतां येते. मात्र उभी म्हणजे सरळ उभी, कलती नव्हे. कलती राहिलेली तबकडी कालांतरानें कमानीसारखी वाकते. म्हणून दर पांच-सहा इंचांवर एक पक्का आडोसा असावा, आणि तो तबकडीच्या उंचीइतकाच उंच असावा. दाटी किती असावी, ह्याची कसोटी सोपी आहे: मधली तबकडी दोन बोटांनीं सहज ओढतां यावी, पण ती काढल्यावर शेजारच्या कलंडूं नयेत.

जागा किती लागेल, ह्याचाहि हिशेब करूं. कागदी पाकिटांतल्या शंभर दहा इंची तबकड्यांना सुमारें एक फूट लांबीची फळी पुरते; परंतु त्या एका फुटावर वीस किलोंचा भार होतो. तीनशें तबकड्या म्हणजे जागा तीनच फूट, पण भार साठ किलोंचा, म्हणजे एका मोठ्या माणसाइतका. हा भार भिंतींत ठोकलेल्या साध्या फळीवर टाकणें धोक्याचें आहे. पुस्तकांच्या कपाटांत ठेवावयाच्या असतील तर सर्वांत खालचा खण द्यावा, आणि फळीला दर दोन फुटांवर खालून आधार असावा.

ज्यांच्याकडे कपाटहि नाहीं, त्यांनीं पेट्या कराव्या. आंतून अकरा इंच उंच, अकरा इंच खोल आणि सहा इंच रुंद अशा लांकडी पेटींत पन्नास दहा इंची तबकड्या बसतात, आणि तेवढी पेटी एका माणसाला उचलतां येते. समोरून उघड्या अशा सहा पेट्या शेजारीं शेजारीं मांडल्या कीं साडेतीन फूट लांबीचा एक बाकच तयार होतो. वर पक्की फळी व गादी, समोर जाड पडदा. बसावयास आसन झालें आणि तीनशें तबकड्यांची सोय झाली. बिऱ्हाड बदलावयाचें झालें तरी मांडणी न मोडतां पेटी उचलून नेतां येते.

हा बाक मांडावा कोठें, हें ठरवितांना दोन शत्रु लक्षांत ठेवावे: ऊन आणि ओल. पत्र्याखालचा पोटमाळा उन्हाळ्यांत तापतो, म्हणून तेथें तबकडी मुळींच ठेवूं नये. चुलीची भिंत व पश्चिमेची खिडकी ह्याहि टाळाव्या. मुंबईच्या व कोंकणच्या पावसाळ्यांत बाहेरच्या भिंती ओल धरतात. म्हणून पेटी भिंतीपासून चार बोटें पुढें ओढलेली आणि जमिनीपासून दोन इंचांच्या पट्ट्यांवर उचललेली असावी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं ह्याहून अधिक सावध राहिलें पाहिजे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व असंख्य घरांत पाणी शिरलें, हें आपणांस आठवत असेल. तळमजल्यावर बाकाचा मोह सोडावा, आणि पेट्या भक्कम मेजावर कमरेइतक्या उंच ठेवाव्या. पावसाळा संपला कीं आपण गाद्या व कपडे उन्हांत टाकतों. तबकड्या मात्र उन्हांत टाकूं नयेत. कोरड्या दिवशीं पडदा बाजूस सारून, सावलींतच, त्यांना वारा द्यावा.

पाकिटांसंबंधीं दोन शब्द. कंपनीचीं जुनीं तपकिरी पाकिटें कालांतरानें ठिसूळ होतात व त्यांचा चुरा चरींत जातो. तीं टाकूं नयेत. त्यांवरच्या जाहिराती व चित्रें हाहि इतिहासच आहे. परंतु तीं निराळीं, सपाट ठेवावीं, आणि तबकडी जाड, स्वच्छ, आम्लरहित कागदाच्या नव्या पाकिटांत घालावी. तबकडी धरतांना कांठ आणि मधली चिठ्ठी ह्यांखेरीज कोठेंहि बोट लावूं नये. धूळ मऊ ब्रशानें चरींच्या दिशेनें काढावी. धुण्याची गरजच पडली, तर थंड ऊर्ध्वपातित पाणी व त्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो. चिठ्ठी भिजूं देऊं नये व तबकडी पूर्ण कोरडी झाल्यावांचून पाकिटांत घालूं नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधींहि लावूं नये. सुताराच्या भांड्यांत लाखेचें जें होतें, तेंच येथें गाण्याचें होईल.

येथवर तबकडी टिकण्याचा विचार झाला. आतां ती सांपडण्याचा. बहुतेक संग्राहक प्रथम गायकांप्रमाणें तबकड्या लावूं पाहतात: बालगंधर्व एका खणांत, हिराबाई बडोदेकर दुसऱ्यांत, मास्टर कृष्णराव तिसऱ्यांत. ही कल्पना सुंदर आहे, पण थोड्या जागेंत ती टिकत नाहीं. तबकडीला दोन बाजू असतात. एका बाजूस नाटकांतलें पद आणि दुसऱ्या बाजूस भजन. एका बाजूस यमन आणि दुसऱ्या बाजूस भैरवी. कधीं कधीं तर दोन बाजूंस दोन निराळे गायक. अशी तबकडी कोणत्या खणांत घालावी? शिवाय नवी तबकडी मध्येंच घुसवावयाची म्हणजे पुढच्या साऱ्या सरकवाव्या लागतात. आणि एकाच गायकाच्या दहा इंची व बारा इंची तबकड्या मिसळल्या, तर लहान तबकडी दोन मोठ्या तबकड्यांमध्यें अडकून दाब विषम पडतो.

म्हणून फळीनें तबकडीचा आकार पाहावा व वहीनें गाणें पाहावें, हा आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय. फळीवर केवळ तीन रांगा असाव्या: सात इंची, दहा इंची व बारा इंची. प्रत्येक रांगेंत तबकडी जशी घरांत आली तसा तिला अनुक्रमांक द्यावा; दहा इंचीला 'द-१', 'द-२', बारा इंचीला 'ब-१', सात इंचीला 'स-१' असा. हा अंक पाकिटाच्या कोपऱ्यांत पेन्सिलीनें लिहावा. तबकडीवर कांहीं चिकटवूं नये. नवी तबकडी नेहमींच रांगेच्या शेवटीं जाते, त्यामुळें कोणतीहि जुनी तबकडी हलवावी लागत नाहीं.

वहीचे दोन भाग करावे. पहिल्या भागांत अनुक्रमानें प्रत्येक तबकडीची नोंद: कंपनी, चिठ्ठीवरचा विक्रीचा क्रमांक, आणि दोन्ही बाजूंचे गायक, पदाचे प्रारंभीचे शब्द, राग, ताल, नाटक किंवा चित्रपट, तसेंच तडा किंवा ओरखडा असल्यास तोहि. दुसऱ्या भागांत गायकाला एक पान, नाटकाला एक पान, रागाला एक पान, आणि त्या पानावर केवळ क्रमांक. आतां तीच यमन-भैरवीची तबकडी फळीवर एकाच जागीं असूनहि वहींत यमनच्या पानावर, भैरवीच्या पानावर आणि गायकाच्या पानावर अशी तीन ठिकाणीं सांपडते. ही वही आज संगणकावर ठेवणें सोयीचें आहे. तरी तिची एक कागदी प्रत पहिल्या पेटींत असावी.

नोंद करतांना आणखी एक क्रमांक विसरूं नये. चिठ्ठी आणि चरी ह्यांमधल्या गुळगुळीत पट्टींत, कित्येकदां चिठ्ठीच्या खालींच, कांहीं अंक व अक्षरें उमटलेलीं असतात. तो त्या मुद्रणाचा सांच्यावरचा क्रमांक. चिठ्ठी ओलीनें गळून पडली तरी तो राहतो, आणि त्यावरून जाणकाराला मुद्रणाची ओळख पटवितां येते. अगदीं जुन्या तबकड्यांत तर खुद्द आवाजच ओळख देतो. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग ह्यांनीं कलकत्त्यास गौहर जान ह्यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां तबकड्या छापण्याचा कारखाना आपल्या देशांत नव्हता. तें काम जर्मनींत हॅनोव्हर येथें होई. दूर देशच्या कारागिरांना कोणाचें गाणें तें कळावें म्हणून गायक शेवटीं आपलें नांव उच्चारीत. १९०८ सालीं कलकत्त्यांत कारखाना निघाला. परंतु नांव सांगण्याची रीत कांहीं काळ चालूच राहिली. तेव्हां चिठ्ठी नसलेली जुनी तबकडी फेंकून देण्यापूर्वीं ती शेवटपर्यंत ऐकावी.

संग्रह जागेला न मावेल इतका वाढला, तर काय ठेवावें? एकाच मुद्रणाच्या दोन प्रती असतील तर चांगली ठेवून दुसरी जाणत्या संग्राहकाला द्यावी. अशा संग्राहकांनीं १९९० सालीं मुंबईंत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन केली आणि जुन्या मुद्रणांची माहिती नियतकालिकांतून प्रसिद्ध केली. तडा गेलेली तबकडी टाकूं नये. दोन ताठ पुठ्ठ्यांमध्यें धरून निराळी ठेवावी. तिच्यावरूनहि कुशल हात गाणें उतरवून घेऊं शकतात. चांगल्या तबकड्यांवरील गाणीं संगणकावर उतरवून घेतलीं, तर रोजचें ऐकणें त्या प्रतीवर भागतें आणि मूळ तबकडीची हाताळणी वांचते. परंतु प्रत झाली म्हणून मूळ तबकडी काढून टाकणें शहाणपणाचें नव्हे. उद्यां अधिक चांगल्या साधनांनीं तिच्यांतून अधिक स्वच्छ आवाज काढतां येईल.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें प्रत्यक्ष ऐकलेलें माणूस आज मिळणें जवळजवळ अशक्य आहे. त्यांचा आवाज आपणांपर्यंत पोंचला तो तीन-तीन मिनिटांच्या अशा तबकड्यांमुळें. अनेक जुन्या मुद्रणांचे धातूचे मूळ सांचे आज उरलेले नाहींत. अशा मुद्रणाची कोणाच्या तरी बिऱ्हाडांत राहिलेली प्रत हीच त्या गाण्याची शेवटची प्रत असूं शकते, आणि ती आपल्याच घरीं नाहीं असें कोणालाहि खात्रीनें सांगतां येणार नाहीं. तेव्हां येत्या सुटीच्या दिवशीं ट्रंक उघडावी, आडव्या तबकड्या उभ्या कराव्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर 'द-१' असें लिहून प्रारंभ करावा. बाकीचें काम सवडीनें होईल.