येळ्ळूरचा इतिहास : शाळेच्या कपाटात काय हवं?

मुलांना गावाचा इतिहास लिहायला सांगितला की ती राजहंसगडापासून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात. पुढं जायचं तर संदर्भग्रंथ हाताशी हवेत. माझ्या मते पहिला मान १८८४ च्या बेळगाव जिल्हा गॅझेटियरचा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा २१ वा खंड. इंग्रजीत शोधताना 'बेलगाम' हे जुनं स्पेलिंग घालावं. 'बेळगावी' सरकारी कागदांत २०१४ पासून आलं. जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश. सीमाप्रश्नासाठी १९६७ चा महाजन अहवाल. पटो न पटो, वाचायलाच हवा. पण घरच्या ट्रंकेतले मोडी कागद वाचणारे आजोबा आहेत तोवर मोडी शिकून घ्या. ग्रंथ थांबतील, माणसं थांबणार नाहीत.